शिवणाच्या खोलीतले शनिवार

दिवाळीचे पाहुणे आपापल्या गावी गेले, की आमच्या गल्लीत पिंजारी येतो. आता घरोघरी फोमच्या गाद्या झाल्या, तरी एक म्हातारा खांद्यावर ती लांबलचक कमान टाकून येतोच. कुणाच्या तरी अंगणात जुना कापूस पसरतो, उकिडवा बसतो आणि कमानीच्या तातेवर, म्हणजे ताणलेल्या तारेवर, लाकडी मुठीचा टोला देतो. जाड, खालच्या पट्टीतला, पोटात घुमणारा आवाज निघतो. यंदा मी त्याला एक उशी पिंजायला दिली. उशी चांगली होती.

हा आवाज मी पहिल्यांदा कान देऊन ऐकला तो उस्मानाबादेत, एका हिवाळ्यात. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती आणि मराठवाडा नुकताच मुंबई राज्याला जोडला गेला होता. कचेऱ्यांवरच्या उर्दू पाट्या उतरल्या, मराठी चढल्या; जुन्या पाट्यांच्या मापाचे पांढरे चौकोन मात्र भिंतींवर तसेच दिसत राहिले. माझे वडील तहसिलीत कारकून. सगळी नोकरी उर्दूत टिपणं लिहिण्यात गेलेला हा माणूस संध्याकाळी कंदिलापाशी बसून 'विषय' आणि 'संदर्भ' लिहायला शिकत होता. पुष्कळ माणसं त्या काळात अशी जागेवरून हललेली होती. त्यांतलेच एक कायतान सर.

सर मूळचे गोव्याचे, पण तारुण्य गेलं हैदराबादेत, निजामाच्या बँडमध्ये. बँड मोडला. बायको नर्स होती, तिला आमच्याकडच्या मिशन दवाखान्यात नोकरी लागली, आणि तिच्या मागोमाग सर आले. बरोबर एक ट्रंक आणि माणसाएवढी काळी पेटी. ती मोटारीच्या टपावरून उतरवताना हमालानं विचारलं, "सायेब, मयत कुणाची हाय?" सर म्हणाले, "मेरीच समझो. हल्लू उतारो."

पेटीत चेलो होता. व्हायोलिनच्याच घराण्यातलं वाद्य, पण केवढं तरी थोरलं. खुर्चीवर बसून दोन्ही गुडघ्यांत धरायचं, डाव्या हाताची बोटं तारांवर दाबायची आणि उजव्या हातानं गज ओढायचा. गावानं त्याचं नाव ठेवलं 'सारंगीचा सासरा'.

आमच्या मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी सरांना शिवणाची खोली दिली. शाळा सुटली की मशिनी भिंतीकडं सरकवायच्या, जमिनीवरच्या चिंध्या आणि टाचण्या झाडायच्या, की झाला वर्ग. शिकणाऱ्या तिघी. दवाखान्यात नर्सिंग शिकणारी मार्था, माझी वर्गमैत्रीण गिरिजा, आणि मी. मी गेले कारण गिरिजा गेली. गिरिजा का गेली, ते तिलाही सांगता येत नसे. एकदा दवाखान्यात आईसाठी औषध आणायला गेली होती, तिथं खिडकीतून तो आवाज ऐकला, आणि औषध विसरून घरी आली, एवढंच.

तिच्या वडिलांचं भुसार मालाचं दुकान होतं. त्यांना सगळे अप्पा म्हणत. घर लिंगायत, मूळचं कर्नाटकाच्या सीमेकडचं. एका वाक्यात मराठी आणि कानडी दोन्ही सुखानं नांदायच्या. आईला गिरिजा अव्वा म्हणायची.

पहिल्या दिवशी सरांनी चेलो गुडघ्यांत धरून दाखवला आणि आम्ही तिघींनी जमिनीकडं पाहिलं. मार्था फ्रॉकमध्ये, आम्ही दोघी गोल साडीत. सर बिचारे गोरेमोरे झाले. विलायतेत पूर्वी बायका वाद्य एका अंगाला कलतं धरून वाजवत, तसं करून पाहा म्हणाले. गिरिजानं करून पाहिलं आणि तिच्या कमरेत उसण भरली. दुसऱ्या दिवशी ती अव्वाचं इरकल नेसून आली. नऊवारी, मागं कासोटा. खुर्चीवर बसली, चेलो गुडघ्यांत घेतला. सगळं झाकलेलं आणि सगळं मोकळं. अव्वानंच तिला सुचवलं होतं. "कासोटा घालून आमी खुरपतो, गाडी हाकतो. तुजं ते रेडकू धरायला काय झालं, यव्वा?" त्या दिवसापासून शाळेच्या खुंटीवर एक इरकल टांगलेलं असायचं. जिला वाजवायचं असेल ती ते अंगावरच्या कपड्यांवरूनच गुंडाळायची.

आमच्याकडचा हिवाळा कोरडा. बालाघाटाच्या माळावरून वारा येतो तो ओठ, टाचा आणि लाकूड सारखंच फोडतो. मार्गशीर्षात चेलोच्या कडेचा एक सांधा उकलला. सरांनी सरसानं तो चिकटवला आणि वाद्याशेजारी पाण्याचा माठ ठेवला, वर ओलं गोणपाट. रोज गोणपाट भिजवायचं काम माझ्याकडं. आजही थंडीत सकाळी ओल्या तागाचा वास आला, की मला आधी ती खोली दिसते. मशिनींच्या तेलाचा डाग पडलेली फरशी, खिडकीतून येणारं तिरपं ऊन आणि त्यात उडणारी राळेची पांढरी पूड. सर गजाला राळ लावत असत ना, तिची.

ते जे शिकवत, ते दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं संगीत, एकट्या चेलोसाठी लिहिलेलं. साथीला कुणी नाही. एकेका रचनेत पाच-सहा जुने नाच एकामागून एक यायचे; उडते, ठसक्याचे, आणि मध्ये एक फार सावकाश. "नाच है," सर म्हणायचे, "लेकिन नाचनेवाले सब मर गये. चाल तेवढी राहिली." त्यांच्याजवळ अशा सहा रचना होत्या. त्यांनी ठरवलं, की संक्रांतीपर्यंत दर शनिवारी दुपारी शिवणाच्या खोलीत एक रचना वाजेल. वाजवतील फक्त शिकणाऱ्या मुली. सर स्वतः नाहीत. शेवटची सगळ्यांत अवघड. ती गिरिजाची.

पहिल्या शनिवारी शाळेतल्या दोन-तीन बाई, दवाखान्यातली थोडी माणसं, अप्पा, अव्वा आणि मुनशीजी एवढे आले. मुनशीजी म्हणजे अदालतीतले जुने लेखनिक. राज्य बदललं तसं त्यांचं काम गेलं होतं, पण शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावलेली असत. मार्था वाजवायला बसली तर ते हळूच म्हणाले, "तबलजी नहीं आया क्या अभी?" आणि पहिला नाच संपताच मोठ्यांदा, मुशायऱ्यात पुन्हा एकदा म्हणायला लावतात तसं, "मुकर्रर!" सरांनी ओठांवर बोट ठेवलं, मध्ये बोलायचं नसतं, अखेरीला काय ते. मुनशीजींनी मान हलवली. पण प्रत्येक नाच संपला की त्यांचं तोंड उघडायचं आणि ते स्वतःच हातानं ते मिटायचे. मुलींना वाजवण्यापेक्षा त्यांच्याकडं न बघणं अवघड जाई.

मी दुसऱ्या शनिवारी वाजवलं. बरोबर वाजवलं, असं सर म्हणाले. तिसऱ्या शनिवारी गिरिजा बसली, आणि माझ्या लक्षात आलं की बरोबर म्हणजे काय आणि किती थोडं. एकच तार वाजत असे, पण ऐकताना वाटायचं, की खाली आणखी कुणीतरी चालतंय. ती सूर सोडून पुढं जायची आणि तो सोडलेला सूर खोलीत उभाच राहायचा. सावकाश नाच आला तेव्हा अव्वा पदर तोंडाशी धरून मला म्हणाली, "ह्ये तर रडतंय की गं." अप्पा ताठ बसले होते, हिशेब तपासताना बसत तसे. डोळे मात्र मिटलेले.

त्यानंतरच्या आठवड्यात थंडीनं सगळ्यांत बारीक तार तुटली. जवळ होती ती दुसरी लावली, तीही तुटली. परदेशातून तारा मागवणं तेव्हा जवळजवळ अशक्य होतं, आणि मुंबईहून उत्तर येईना. सर गावभर फिरले. एका सकाळी पिंजारी आमच्या शाळेसमोर गाद्या पिंजत होता, तिथं ते थबकले. रस्त्यात मांडी घालून त्याच्यासमोर बसले, कान तातेशी नेला. पिंजारी म्हणाला, "दाढी अटकंल, सायेब." दोन दिवसांनी चेलोवर नवी तार होती, जरा पिवळट, आणि आवाज पहिल्यापेक्षा गोड. आम्ही तिघींनी तिच्यावर सराव केला. कुणी काही विचारलं नाही.

शनिवार आला. मार्था वाजवणार होती. सर उभे राहिले. एरवी ते बोलत नसत. त्या दिवशी त्यांना बोलायचं होतं, गावाला काहीतरी द्यायचं होतं. म्हणाले, "आज जी तार वाजेल ती विलायतची नाही. तुमच्या पिंजाऱ्यानं वळलेली आहे. तुळजापूरला नवरात्रात बोकड कापतात, त्याच्या आतड्याची. जर्मनीपेक्षा अच्छी! अब ये बाजा इस गाँव का हो गया." आणि हसून थांबले. मुनशीजींनी टाळी वाजवली. एकट्यांनीच.

मी अप्पांकडं पाहिलं, आणि मग गिरिजाकडं. ती आपला डावा तळहात बघत होती.

गिरिजाच्या गळ्यात लिंग होतं. रोज सकाळी अंघोळ करून ती ते डाव्या तळहातावर घेई, पाणी, भस्म, बेलाचं पान वाही आणि त्याच्याकडं बघत बसे. घरात सगळेच करत. पण मी तिच्याकडं अभ्यासाला जाई तेव्हा पाहिलं होतं, की इतरांची पूजा उरकायची आणि तिची चालायची. ज्या घरात अंडं उंबऱ्याच्या आत येत नव्हतं, त्या घरच्या मुलीनं त्याच हाताची बोटं बोकडाच्या आतड्यावर दाबली होती.

मार्थाची रचना पुरी होईपर्यंत अप्पा उठले नाहीत. संपल्यावर सरांजवळ गेले. "सर, येक इचारू? आदीच्या तारा कशाच्या हुत्या?"

सरांना अजून काही कळलं नव्हतं. "त्या पण आतड्याच्या. मेंढीच्या. सगळीकडे तशाच असतात."

"आस्सं," अप्पा म्हणाले. "मंग चूक आमची हाय. विलायतचं म्हून इचारलंच न्हाय आमी."

मग सरांना कळलं. ते खाली खुर्चीवर बसले.

आमच्या घरी आईनं त्यावर दोन मिनिटांत तोडगा काढला. वाजवून आलीस की अंघोळ कर आणि तोवर सोवळ्यात शिवू नको. तसंच करून मी पाचव्या शनिवारी वाजवलं. आम्ही कारकुनाच्या घरची माणसं. नियम आणि त्यातून काढलेली वाट शेजारी-शेजारी ठेवायची आम्हाला सवय होती. गिरिजाच्या घरी त्यांचे स्वामी आले. नकळत घडलं त्याचा दोष नाही म्हणाले, शुद्धी केली, आणि जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले. कुणी रागावलं नाही. तिनं शेवटच्या शनिवारी वाजवावं, असं त्या घरात सगळ्यांनाच वाटत होतं. आणि तो शनिवार खरोखरच शेवटचा होता, कारण सरांच्या बायकोची दुसऱ्या दवाखान्यात बदली झाली होती; संक्रांत झाली, की ती दोघं आणि काळी पेटी जाणार होती. गिरिजाला ती रचना पुन्हा कधी वाजवायला मिळणार नव्हती.

वाट अव्वानं काढली. "रेशीम सोवळ्याला चालतं. रेशमाची करा की तार." तिनं आपल्या लग्नातल्या इरकलाचा पदर उसवला आणि त्यातलं रेशीम सरांना नेऊन दिलं. एक तार टिकली, की चारही तशाच करायच्या होत्या. रेशमासाठी किडे उकळतात, हे मला शास्त्राच्या पुस्तकातून ठाऊक होतं. मी ते मनातच ठेवलं.

सर आणि अव्वा शिवणाच्या खोलीत समोरासमोर बसून रेशीम वळायचे. तिला त्यांची हिंदी येत नसे, त्यांना तिची कानडी येत नसे. "हल्लू, हल्लू," ते म्हणत. "व्हय, व्हय," ती म्हणे. बाभळीच्या डिंकाच्या पाण्यातून पीळ काढायचा, दाराच्या कडीला बांधून ताणायचा, सावलीत वाळवायचा. पहिली तार चढवतानाच तुटली. दुसरी सुरात येईपर्यंत टिकली. सरांनी गज लावला, आणि असा काही कोवळा आवाज आला, लांबून कुणी हाक मारावी तसा. अव्वा हसली. सरांनी खुंटी आणखी केसभर पिळली आणि तार सुटून त्यांच्या गालावर बसली. नंतरच्या वळल्या त्याही गेल्या. पदर संपत आला. अव्वा दुसरं लुगडं काढायला निघाली, तेव्हा सरांनीच हात जोडले. "नक्को, अम्मा. गाती है, मगर टिकती नहीं."

शुक्रवारी दुपारी मी गिरिजाच्या घरी होते. अप्पा दुकानातून लवकर आले आणि कोट न काढताच म्हणाले, "हे बग पोरी. उद्या वाजव. सोमवारी स्वामींना पुन्ना बोलावू. शुद्धी करता येती. येका दिसाचं काय येवडं?"

हे बोलणं त्यांना किती जड गेलं असेल, ते मला आज कळतं. गिरिजा तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "अप्पा, न कळता झालं ते धुतलं. आता कळून करायचं आन् मंग धुवायचं, म्हंजे मी त्याला फसवते की."

अप्पांनी कोट काढून खुंटीला अडकवला. मीच बोलले. "अगं, गजाला घोड्याच्या शेपटीचे केस आहेत, ते चालतात. पायात चामड्याची चप्पल घालतेस—"

"चप्पल मी तळहातावर घिऊन पूजेला बसत न्हाय, सुमे."

पुढं मी शिक्षिका झाले, इतकी वर्षं वर्गात मुलींशी वाद घालण्यात गेली, तरी त्या वाक्याला अजून उत्तर नाही; आणि ते पटलंय असंही नाही. कधी वाटतं, देवाला इतकं सांभाळायची गरज नसते. कधी वाटतं, ज्या सचोटीनं ती सूर लावायची, ती सचोटी एका कामापुरती काढून घेता येत नाही. ती वाईट वाजवणारी असती, तर वाजवायला सहज तयार झाली असती.

शेवटची रचना मला झेपणारी नव्हती. सर म्हणाले, त्यातला फक्त सावकाश नाच वाजव, बाकी राहू दे. खोली भरली होती. सगळ्यांना कळलेलं होतं. गिरिजा अव्वाशेजारी पहिल्या रांगेत बसली होती, कासोटा घातलेलं इरकल नेसून, वाजवायला यायची तशी.

अर्ध्यावर मी चुकले. बोटांखाली पुढचा सूरच येईना. मी थांबले. तशा शांततेत माणसं खोकतात, खुर्ची हलवतात. त्या दिवशी कुणीही हललं नाही. मग पहिल्या रांगेतून, ओठ मिटलेले ठेवून, गिरिजानं पुढची ओळ गुणगुणली. फार बारीक, पण पक्की. मी त्या आवाजाला धरून तारेवर आले. ती गप्प झाली नाही. अखेरपर्यंत आम्ही दोघी बरोबर गेलो, मी वर आणि ती खाली. संपल्यावर मुनशीजींनी मुकर्रर म्हटलं नाही. ते टोपी हातात घेऊन उभे राहिले. सर गिरिजाकडं आले आणि त्यांनी मान लववली, बँडमधली माणसं थोरामोठ्यांपुढं लववत असतील तशी.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ती दोघं गेली. शिवणाच्या खोलीत मशिनी पुन्हा मधे आल्या.

गिरिजाचं लग्न झालं, लोहाऱ्याकडच्या एका गावात, चांगल्या घरात. मुलं झाली, शेती वाढली. आम्ही लग्नाकार्यात भेटायचो आणि भावाबहिणींच्या, पिकापाण्याच्या गोष्टी बोलायचो. दोन वर्षांपूर्वी ती गेली. मी घरच्यांना भेटायला गेले तेव्हा तिच्या सुनेला विचारलं, की सासूबाई कधी गुणगुणायच्या का, काम करताना वगैरे. सून म्हणाली, "न्हाय वो बाई. लई गप असायच्या. रेडू लावला तरी बंद कर म्हणायच्या." मी चहा घेतला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले.

त्या हिवाळ्यानंतरचा चैत्र मात्र मला अजून स्वच्छ दिसतो. परीक्षा संपल्या होत्या. आम्ही दोघी बाजारातून ज्वारी घेऊन येत होतो, पिशवी जड होती, म्हणून कडुनिंबाखाली टेकलो. गिरिजानं डावा हात माझ्यापुढं धरला. तारा दाबून दाबून आम्हा तिघींच्या बोटांच्या टोकांना घट्टे पडले होते. टणक, पिवळे, टाचणी टोचली तरी न कळणारे. माझे अजून होते. तिची चारही बोटं गुलाबी आणि मऊ झाली होती, तान्ह्या मुलाच्या बोटांसारखी.

"बग," ती म्हणाली. "म्या काडले न्हाईत हां. आपोआप गेले."

मी पाहिलं. उन्हं वाढत होती. मग पिशवीचा एक बंद तिनं धरला, एक मी धरला, आणि आम्ही चालू लागलो.